छत्रीला आत्मवृत्त असतं, मग मुलाला?

मराठीतून निबंध लिहिलेल्या कुणालाही विचारा, त्याने एकदा तरी एखाद्या निर्जीव वस्तूचं आत्मवृत्त लिहिलेलं असतं. फाटकं पुस्तक, जुनी छत्री, पडकं घर, नाहीतर नदी. ‘होय, मीच ती छत्री बोलतेय!’ ही सुरुवात, मधे थोडे हुंदके आणि शेवटी मनुष्यजातीला चार शब्द ऐकवून निरोप. नऊ-दहा वर्षांची मुलं हे पानभर सहज लिहितात. त्याच मुलाला म्हणावं, आता स्वतःबद्दल लिही, की तीन वाक्यांत कारभार आटोपतो. माझं नाव अमुक. मी अमुक इयत्तेत आहे. मला खेळायला आवडतं. मग पेन्सिलीचं टोक चावणं सुरू.

मी मुलांचा एक छोटा वर्ग घेते. तिथे आम्ही चित्रं काढतो आणि लिहितो, आणि दोन्ही स्वतःच्या आयुष्यातलं. येणाऱ्या पालकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. बोलायला लागला की थांबत नाही, लिहायला बसवला की काही सुचत नाही. मला या तक्रारीतच तिचं उत्तर दिसतं. बोलताना समोर कुणीतरी असतं. ते हसतं, डोळे मोठे करतं, ‘मग?’ म्हणतं. कागद काहीच म्हणत नाही. आणि निबंधाच्या वहीपलीकडे जो कुणी बसलेला असतो, त्याला गोष्ट ऐकायची नसते, गुण द्यायचे असतात. मुलांना हे आपल्याला वाटतं त्याहून फार लवकर कळतं. ज्याला ऐकायचंच नाही त्याला कोण आपली खरी गोष्ट सांगेल? त्याला छत्रीचीच सांगितलेली बरी.

स्वतःची गोष्ट सांगण्याची ओढ मुळात शिकवावी लागत नाही. कॅथरीन नेल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीच्या एकट्याच्या बडबडीचा अभ्यास केला. संशोधनात ती एमिली या नावाने ओळखली जाते. आईबाबा खोलीतून गेले की ती पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःशी बोलायची आणि ते बोलणं टेपरेकॉर्डरवर उतरायचं. सुरुवातीला ती जेमतेम २१ महिन्यांची होती. आज काय झालं, उद्या काय होणार, कोण येणार, कुणी काय म्हटलं, हे सगळं ती पुन्हा पुन्हा लावून बघायची. हा अभ्यास १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आला. दोन वर्षांचंही नसलेलं मूल अंधारात, कुणी ऐकत नसताना, आपल्या दिवसाची गोष्ट जुळवतं. मग तेच मूल दहाव्या वर्षी कागदासमोर मुकं का होतं, हा प्रश्न मुलापेक्षा आपल्यालाच विचारायला हवा.

मधल्या वर्षांत आपण मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतो, यावर बरंच ठरतं. रॉबिन फिवश, इलेन रीस अशा संशोधकांनी आया आणि मुलांची साधी संभाषणं वर्षानुवर्षं तपासली. काही पालकांची पद्धत उलटतपासणीची असते.

‘आपण काल कुठे गेलो होतो?’
‘बागेत.’
‘तिथे काय पाहिलं?’
‘झोके.’
‘अजून काय?’
‘…’
‘अजून? आठव ना!’

इथे उत्तर आईला आधीच माहीत आहे, आणि आईला ते माहीत आहे हे मुलालाही माहीत आहे. दुसऱ्या प्रकारचे पालक स्वतः थोडं सांगतात आणि जागा सोडतात. ‘तो मोठा कुत्रा आला तेव्हा तू माझ्या मागे लपलास. मला वाटलं, आता रडतोस. पण तू भलतंच काहीतरी केलंस.’ ‘मी त्याला त्याचं नाव विचारलं!’ अशा गप्पा ऐकत वाढलेली मुलं पुढे आपल्या आठवणी जास्त तपशिलात, जास्त सलग सांगतात, असं या अभ्यासांतून दिसत आलं आहे. दोन पद्धतींमधला फरक लाडाचा किंवा वेळेचा नाही. पहिल्या संभाषणात मुलाची परीक्षा चालली आहे, दुसऱ्यात त्याची सोबत हवी आहे.

वर्गात मी बहुतेक वेळा चित्रापासून सुरुवात करते. चित्र सोपं असतं म्हणून नाही. चित्रात मूल आधीच गोष्ट सांगत असतं आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून. झॉर्झ-हान्री ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्येच नोंदवून ठेवलं होतं की लहान मुलं डोळ्यांना दिसतं ते काढत नाहीत, त्यांना जे माहीत आहे ते काढतात. म्हणून घराची भिंत पारदर्शक होते आणि आत झोपलेली आजी दिसते. बाजूने काढलेल्या चेहऱ्याला दोन डोळे असतात, कारण आजीला दोन डोळे आहेत, त्यातला एक कशाला लपवायचा? कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी पुढे, १९४७ च्या सुमारास, मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांनीही हेच दाखवलं की जे महत्त्वाचं ते मोठं होतं, जे बिनमहत्त्वाचं ते लहान होतं किंवा गायबच होतं. शिवाय मुलं एकाच कागदावर वेगवेगळ्या वेळा आणून ठेवतात. एकच मुलगा डावीकडे झाडावर चढतोय, मधे पडतोय आणि उजवीकडे रडतोय. आपण म्हणतो, तीन मुलं काढलीस का? तो आपल्याकडे बघतो. आपल्याला वाचता येत नाही, हे त्याला समजलेलं असतं.

एका मुलीने घर बदलल्याचं चित्र काढलं होतं. ट्रकच्या पत्र्यातून आतलं सगळं सामान दिसत होतं. खुर्ची उलटी, कपाट आडवं, गाद्यांच्या गुंडाळ्या. इतकं बारीक की कपाटाच्या किल्लीचं भोकही होतं. खाली एका कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. शेजारी बसलेल्या मुलाने बोट ठेवून विचारलं, ‘हे काय?’

‘मी.’

‘एवढीशी?’

‘मग काय! कपाटाला सगळे म्हणत होते, सांभाळून, सांभाळून. मला कुणी काही विचारलंच नाही.’

मी तिला म्हटलं, आत्ता बोललीस ना, तेवढंच खाली लिही. तिने लिहिलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि गोष्ट पूर्ण होती. पुढच्या आठवड्यांत तिने त्यात भर घातली: जुन्या घराच्या दारावर उंचीच्या खुणा होत्या त्या तिथेच राहिल्या, नव्या घरात तिची उंची पुन्हा शून्यापासून सुरू झाली, वगैरे. पण मूळ वाक्य त्या ठिपक्यातून आलं होतं. कल्पना करा, त्या क्षणी मोठ्या माणसाने शेजारच्या मुलाच्या आधी तोंड उघडलं असतं आणि म्हटलं असतं, ‘अगं, ट्रकच्या मानाने माणूस एवढा लहान असतो का? प्रमाण बघ जरा.’ तिने ठिपका खोडून नीट मुलगी काढली असती. फ्रॉक, दोन वेण्या, हसरा चेहरा. छान चित्र झालं असतं. भिंतीवर लागलं असतं.

चित्राने बोलणं खरंच वाढतं का, हे न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तपासून पाहिलं गेलं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना अग्निशमन केंद्र दाखवायला नेलं. नंतर काहींना तिथे काय झालं ते नुसतं सांगायला सांगितलं आणि काहींना चित्र काढता काढता सांगायला सांगितलं. चित्र काढणाऱ्यांनी जास्त सांगितलं. १९९८ मध्ये ज्युलियन ग्रॉस आणि हार्लीन हेन यांनी मुलांना आनंदाच्या, दुःखाच्या, भीतीच्या प्रसंगांबद्दल असंच विचारलं. चित्र काढत बोलणाऱ्या मुलांनी नुसतं बोलणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक तपशील सांगितले. वर्गात पाहिलेल्यावरून मला याची कारणं साधी वाटतात. चित्र काढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मोठं माणूस गप्प बसतं. मुलाची नजर कागदावर असते, आपल्या तोंडावर नसते. आणि एक रेघ काढली की ती पुढची आठवण करून देते. जिना काढला की जिन्याखालची सायकल आठवते, सायकल काढली की तिची घंटा कुणी चोरली ते आठवतं. हे धागे मुलाचे स्वतःचे असतात, आपण पुढे केलेले नसतात.

इथे एक धोका आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सध्या तो फार फोफावलाय. चित्र बघून मुलाचं मन ‘वाचणं’. काळा रंग वापरला म्हणजे मूल उदास आहे. हात काढले नाहीत म्हणजे आत्मविश्वास कमी. घराला खिडक्या नाहीत म्हणजे काहीतरी लपवतंय. या खेळाला जुना इतिहास आहे. फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रातले तपशील मोजून बुद्धिमत्ता ठरवण्याची चाचणी तयार केली. त्यानंतर काही जणांनी चित्रावरून स्वभाव, भीती, घरातले ताण असं सगळंच ओळखायला घेतलं. एकेका खुणेवरून काढलेले असे निष्कर्ष तपासणीत टिकलेले नाहीत. पण लोकांना ते आवडतात. मूल न बोलताच कळलं, याचं एक वेगळंच समाधान असतं. माझ्या वर्गात काळा खडू सगळ्यात आधी संपतो, कारण तो सगळ्यात ठळक उठतो. दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही. आणि हात का नाहीत याचं एका मुलाने दिलेलं उत्तर होतं, ‘खिशात आहेत.’

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. आपण जे शोधतो ते आपल्याला मिळतं, कारण मुलं ते आपल्याला देतात. स्टीफन सेसी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. शाळापूर्व वयाच्या मुलांना आठवड्यामागून आठवडे एकेका प्रसंगाबद्दल विचारत राहिले: हे तुझ्या बाबतीत कधी झालं होतं का, नीट विचार करून सांग. त्यातले काही प्रसंग घडलेले होते, काही कधीच घडलेले नव्हते. न घडलेल्यांपैकी एक होता, उंदराच्या सापळ्यात बोट अडकून दवाखान्यात जावं लागल्याचा. शेवटी शेवटी बरीच मुलं तो सगळ्या तपशिलांसकट सांगायला लागली. बोट कुठलं, तिथे कोण होतं, कसे गेलो. ती खोटं बोलत नव्हती. वारंवार विचारण्यातून आणि मनात चित्र उभं करण्यातून तयार झालेली आठवण त्यांना आपलीच वाटत होती. मुलांकडून गोष्ट ‘काढून घेणाऱ्या’ प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. ‘तेव्हा तुला खूप वाईट वाटलं असेल ना?’ हा प्रश्न दिसतो मायेचा, पण तो उत्तर हातात देऊन मग विचारलेला प्रश्न आहे. मुलगा ‘हो’ म्हणतो. त्याला कदाचित मजा वाटली होती. मोठे लोक पळापळ करत असताना त्याला पहिल्यांदा हॉलमध्ये सायकल चालवायला मिळाली होती. ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून मी प्रश्न अगदी थोडे ठेवते. ‘या चित्राबद्दल सांग.’ ‘मग?’ ‘इथे कोण आहे?’ आणि एखादी गोष्ट मला खरोखरच समजली नसेल तर तीच विचारते. ‘हे काय आहे?’ मात्र कधी विचारत नाही. त्याचा अर्थ मुलाच्या कानावर ‘मला ओळखू येत नाही’ असा पडतो, आणि तो बरोबरच असतो.

नऊच्या आसपास आणखी एक अडचण येते. तोवर बिनधास्त चित्र काढणारं मूल अचानक खोडरबराच्या आहारी जातं. घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे त्याला स्वतःलाच दिसायला लागतं. लोवेनफेल्ड यांच्या टप्प्यांतही साधारण इथेच वास्तवाची ओढ सुरू होते. बरीच मुलं इथे चित्रकलेला कायमचा रामराम ठोकतात आणि मग आपल्यासारखी मोठी होऊन म्हणतात, मला साधी सरळ रेघ येत नाही. पण याच वयात लिहिण्याला बळ येऊ लागतं, आणि दोघांची नीट गाठ घालून दिली तर चित्रावरचा भार बराच हलका होतो. काडीची माणसं चालतात. नकाशा तर उत्तमच, कारण नकाशात कुणीच ‘हुबेहूब’ मागत नाही. घराचा नकाशा काढायचा आणि कुठे रडलो, कुठे लपलो, कुठे झोपल्याचं सोंग केलं, त्या जागा दाखवायच्या. एका मुलाने पलंगाखालची जागा इतक्या वेळा रंगवली होती की कागद फाटला.

माझा सगळ्यात लाडका विषय मात्र खुणांचा. कागदावर स्वतःच्या शरीराची साधी बाह्यरेषा काढायची आणि अंगावर जिथे जिथे जुन्या जखमेची खूण असेल तिथे ठिपका द्यायचा. गुडघा, हनुवटी, भुवई, कोपर. मग एका ठिपक्याची गोष्ट. ‘काही सुचत नाही’ हे वाक्य या तासाला ऐकू येत नाही. उलट एकमेकांना दाखवण्यातच निम्मा वेळ जातो आणि जाऊ द्यावा, तो तोंडी खर्डाच असतो. हा विषय इतका का चालतो याचं उत्तर मला विल्यम लबॉव यांच्या कामात मिळालं. हे भाषाशास्त्रज्ञ लोकांचं सहज बोलणं ध्वनिमुद्रित करत असत. टेपरेकॉर्डर समोर आला की माणसं सावरून बोलतात. तेव्हा ते विचारायचे, आता मरतो की काय, असं वाटण्याची वेळ तुमच्यावर कधी आली होती का? की माणूस भाषा सावरायचं विसरून गोष्टीत शिरायचा. गुडघ्याची खूण हे त्या प्रश्नाचं लहान मुलांच्या मापाचं रूप आहे.

लबॉव आणि जोशुआ वालेत्स्की यांनी १९६७ मध्ये अशा तोंडी गोष्टींची रचना मांडली. सुरुवातीला कोण, कुठे, कधी, मग गुंता, मग शेवट. पण त्यांनी ज्या भागावर खरा जोर दिला तो वेगळाच होता: सांगणाऱ्याला हे सांगावंसं का वाटलं, ते दाखवणाऱ्या जागा. मुलांच्या लेखनात नेमकं हेच राहून जातं. आम्ही निघालो, मग पोहोचलो, मग खेळलो, मग परत आलो. घटना सगळ्या आहेत, सांगणारा नाही. यावर ‘भावना लिही’ म्हणणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग ‘मला खूप आनंद झाला’ अशी शेपटी प्रत्येक परिच्छेदाला चिकटते. त्यापेक्षा मी म्हणते, यातला एकच मिनिट निवड. पडलास तो नको, पडायच्या आधीचा. सायकलचा ब्रेक लागत नाही हे तुला कळलं आणि अजून कुणालाच कळलं नव्हतं, तो. मुलं अशा वेळी थांबतात, वर बघतात आणि मग जे लिहितात त्यात आनंद किंवा दुःख हे शब्द बहुधा येतच नाहीत.

शुद्धलेखनाचं काय, हा प्रश्न येतोच. येऊ दे. ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचं आहे, पण पहिल्या खर्ड्यावर नाही. लाल पेन मी दुसऱ्या फेरीपर्यंत पिशवीत ठेवते, आणि तेव्हाही मुलाला सांगते की हे दुसऱ्याला वाचता यावं म्हणून दुरुस्त करू या. वाचणारं कुणीतरी खरंच असलं की हे कारण पटतं. फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने यांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झालेल्या या शिक्षकाला वर्गात फार बोलणं झेपत नसे. १९२० च्या दशकात त्यांनी वर्गात छोटं छापण्याचं यंत्रच आणलं. मुलं आपल्या मनाने मजकूर लिहायची, कुठला छापायचा ते सगळी मिळून ठरवायची, स्वतः खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायची आणि छापलेली पानं दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. एकेक अक्षर हाताने जुळवायचं म्हटल्यावर ते चुकू नये अशी काळजी मुलालाच वाटू लागते. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांच्यासाठी व्हिव्हियन पेली या अमेरिकी शिक्षिकेची पद्धत मला फार आवडते. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि त्याच दिवशी वर्गाने ते करून दाखवायचं. लिहून घेताना आपल्या हाताला सुधारणा करायचा फार मोह होतो. ‘आम्ही गेलो आणि गेलो आणि गेलो’ याचं ‘आम्ही खूप लांब गेलो’ होऊन बसतं आणि रस्ताच आखूड होतो.

चित्र आधी आणि शब्द नंतर, हा काही नियम नाही. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकाराची गोष्ट मी याच्या उलट उदाहरण म्हणून मोठ्या मुलांना सांगते. लहानपणी तो न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शाळा सुटल्यावर चालणाऱ्या कलावर्गात जायचा. पुढे ऐन विशीत, १९४०-४१ मध्ये, दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर त्याने ६० चित्रांची मालिका केली. त्याचे आईवडीलही त्या लोंढ्यातलेच होते. प्रत्येक चित्राखाली एखाद-दुसरं साधं वाक्य आहे आणि ती वाक्यं त्याने चित्रांच्या आधी लिहून काढली होती. मग ज्यांवर चित्रं रंगवायची त्या साठही फळ्या एकत्र मांडून एकेक रंग सगळ्यांवर लावत गेला, म्हणून पहिल्या चित्रातला आणि शेवटच्या चित्रातला रंग एकच राहिला. मुलांना यातलं रंगाचं तंत्र आवडतं. मला ती वाक्यं आवडतात. त्यांत विशेषणं जवळजवळ नाहीत.

आणि एक नाव, जे मी मुलांसमोर क्वचित घेते, पण शिकवणाऱ्यांसमोर नेहमी घेते: फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. बाउहाउस या जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेली ही ज्यू चित्रकार १९४२ च्या डिसेंबरात नाझींच्या, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझिन इथल्या बंदिवासात आली. तिथे तिने मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग चालवले. मिळेल तो कागद, कार्यालयातल्या जुन्या छापील कागदांच्या पाठीही. आपल्याला वाटेल, तिने मुलांना त्यांचं दुःख चितारायला लावलं असेल. मुलांनी काढली घरं, फुलं, टेबलं, फुलपाखरं, खिडकीतून दिसणारे डोंगर, आणि काही वेळा बंकबेड आणि रांगाही. ती त्यांना ताल, रंग, पोत, निरीक्षण शिकवत होती, म्हणजे चित्रकलाच. एक आग्रह मात्र होता, चित्रावर स्वतःचं नाव लिहायचं. जिथे प्रत्येकाला कैद्यांना आणण्या-नेण्याच्या यादीतला क्रमांक होता, तिथे कागदावर नाव. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं गेलं. त्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. दोन सुटकेसमध्ये लपवलेली सुमारे ४,५०० चित्रं वाचली. ती आज प्राग इथल्या ज्यू संग्रहालयात आहेत. ‘मुलांना व्यक्त होऊ द्या’ असं उठसूट म्हणणाऱ्यांनी हा वर्ग कसा चालत होता ते एकदा नीट समजून घ्यावं, असं मला फार वाटतं. व्यक्त व्हायला लावायचा तिथे प्रश्नच नव्हता. तिने काम दिलं, साधनं दिली, लक्ष दिलं. कुणी काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

यावरूनच मालकीचा मुद्दा येतो. मुलाने सांगितलेली गोष्ट कुणाची? पालकांना ती लगेच फोटो काढून सगळ्यांना पाठवायची असते. गोष्ट जितकी हळवी तितकी घाई जास्त. मुलाने आईबाबांचं भांडण लिहिलेलं असेल तर मात्र तेच पालक म्हणतात, हे कशाला लिहून घेतलं? आमच्याकडे वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मूल स्वतः लिहितं, हे कुणी वाचायचं. ‘सगळ्यांनी’, ‘फक्त ताईने’, ‘कुणीच नाही’. एकाने लिहिलं होतं, ‘आजोबांनी, पण मी समोर नसताना.’ आम्ही ते तसंच पाळलं. ‘कुणीच नाही’ असं लिहिलेली पानं मी उघडत नाही आणि याचा पालकांना राग येतो. येवो. एक अपवाद मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते. कुणी तुम्हाला इजा करतंय असं मला कळलं, तर ते मी माझ्यापुरतं ठेवणार नाही, तुम्हाला मदत करू शकेल अशा माणसाला सांगेन. आधी ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं आणि मग मोडायचं, यापेक्षा हे बरं. अशा वेळी खोदून विचारणं हे माझं काम नाही, ते ज्यांना येतं त्यांचं आहे. मी ऐकते, मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपते आणि पुढे पाठवते.

एवढं सगळं करूनही काही मुलं काहीच सांगत नाहीत. एक मुलगा महिनोन्‌महिने फक्त गाड्या काढायचा. सगळ्या एका बाजूने, सगळ्या उभ्या. त्याच्या गाड्यांमागे काय आहे याचे तर्क इतर मोठ्यांनी बरेच केले. मला वाटतं, त्याला गाड्या आवडायच्या.

डोनल्ड ग्रेव्हज यांनी १९८० च्या आसपास अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत लिहिणाऱ्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. तेव्हापासून ते शिक्षकांना एक सांगत राहिले: मुलांबरोबर तुम्हीही लिहा, तेही त्यांच्या देखत. वाचायला हे फार छान वाटतं. खुणांच्या तासाला मी स्वतःच्या हनुवटीवर ठिपका दिला, गोष्ट लिहिली आणि वाचून दाखवली. लहानपणी भिंतीवरून उडी मारली, पडले, टाके पडले. मला वाटलं, बरी जमली.

‘ताई, पण उडी का मारली?’

‘अशीच.’

‘अशीच कुणी मारतं का?’ दुसरी म्हणाली. ‘तुम्हाला कुणी मार म्हटलं होतं का?’

म्हटलं होतं. ते कुणी म्हटलं होतं आणि नंतर त्या व्यक्तीने घरी काय सांगितलं, ते मी शिताफीने गाळलं होतं. मुलांनी ते बरोब्बर हेरलं. ज्याच्या चित्रात नुसत्या गाड्या असायच्या तो वर न बघता म्हणाला, ‘ताईंनी एकच मिनिट निवडायला हवा होता. उडीच्या आधीचा.’

मग दुसरा खर्डा करावा लागला. वाचण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात मी ‘फक्त या वर्गाने’ असं लिहिलं, आणि त्यांनी ते अजून पाळलंय.